गेटवरचा उंचवटा, दीड टन स्टील आणि आठ कॅमेरे

मागच्या अंकात सिमेंटच्या गोण्यांची थप्पी कशी लावायची ते लिहिलं आणि शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलं, ‘स्टोअरच्या दारावर एक कॅमेरा असलेला बरा.’ गोण्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, पत्रं सगळी त्या एका वाक्यावर आली. तेव्हा या महिन्यात फक्त कॅमेरे. मी कॅमेरे विकत नाही हे आधीच सांगून ठेवतो. तीस वर्षं बांधकामांवर स्टोअर सांभाळलं, त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं कॅमेऱ्यांच्या संगतीत. बऱ्याच चुका माझ्याच हातून झाल्या आहेत, दोन-तीन खाली येतीलच.

प्रश्न : साहेब, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं पार्किंग अधिक सात मजल्यांचं काम चालू आहे. प्लॉट २० गुंठ्यांचा, चौथा स्लॅब झाला. आतापर्यंत १२ आणि १६ एमएमचं मिळून २८ टन स्टील आलं आणि हिशेबात दीड टनाची तूट निघाली. तीन कोटेशनं मागवली. एक जण आठ मेगापिक्सेलचे आठ डोम (घुमटाच्या काचेचे) म्हणतो, दुसरा दोन मेगापिक्सेलचे सोळा बुलेट (नळीसारखे), तिसरा म्हणतो एकच गोल फिरणारा पीटीझेड मधोमध लावा, सगळी साइट बघेल. कोणतं घेऊ?
एक वाचक, नाशिक

उत्तर : कोटेशनं बाजूला ठेवा आणि आधी काटापावत्या काढा.

तुमची तूट सव्वापाच टक्क्यांच्या थोडी वर आहे. ती सगळी चोरीच आहे असं धरून चालू नका. स्टील आपण वजनकाट्यावर विकत घेतो, पण वापर मोजतो लांबीवर. इंजिनिअर व्यासाचा वर्ग करून १६२ने भागतो, मीटरचं वजन काढतो आणि शेड्यूलमधल्या, म्हणजे सळ्यांच्या यादीतल्या, लांबीने गुणतो. आता सळई कारखान्यातून जरा जाड आली तर? आयएस १७८६ हे सळईचं मानक १२ आणि १६ एमएमला वजनात पाच टक्के इकडेतिकडे चालवून घेतं. माल अडीच टक्के जड आला असेल तर तुमचे ७०० किलो तिथेच गेले, कुणी हात न लावता. कापाकापीचे तुकडे दोन टक्के धरा, ते झाले ५६० किलो. उरले २४० किलो. १६ एमएमची १२ मीटरची सळई १९ किलोची, म्हणजे जेमतेम तेरा सळ्या.

मी मनाने आकडे धरले आहेत, तुम्ही मोजा. प्रत्येक जाडीच्या तीन सळ्यांतून बरोबर एकेक मीटरचा तुकडा कापा आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. १६ एमएमचा तुकडा १ किलो ५८० ग्रॅम भरला पाहिजे. १ किलो ६२० भरला तर तो अडीच टक्क्यांचा चोर सापडला, आणि तो कुठल्याही कॅमेऱ्यात दिसणार नव्हता. कापलेले तुकडेही एकदा भंगारवाल्याच्या आधी स्वतः वजन करून घ्या. ते वजन वहीत नसतंच, मी पैजेवर सांगतो.

आता उरलेल्या सळ्यांकडे वळू.

माझ्या एका साइटवर असंच १६ एमएम कमी येत होतं. मालकांनी चार कोपऱ्यांवर चार कॅमेरे लावले, चारही २.८ एमएमच्या रुंद लेन्सचे. मोबाईलवर अख्खी साइट दिसायची, मालक येईल त्या पाहुण्याला दाखवायचे. मी तीन रात्री जागून रात्रीचं रेकॉर्डिंग पाहिलं. कुत्री दिसली, एक मुंगूस दिसलं, घोंगडी पांघरून झोपलेला वॉचमन दिसला. दिवसाचं रेकॉर्डिंग बघावं असं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण चोर रात्रीच येतो हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं.

सापडलं ते गेटवर. मिस्त्रींनी पाण्याचा पाइप झाकायला गेटमध्ये उरलेलं काँक्रीट टाकलं होतं, त्याचा चार बोटं उंच आडवा पट्टा झाला होता. विटा उतरवून रिकामी ट्रॉली त्यावरून गेली की मागचा फाळका खाडकन उडायचा. दिवसातून दहा-बारा वेळा तो आवाज कानावर पडायचा, सवयीचा झाला होता. एका दुपारी ट्रॉली गेली आणि आवाज आलाच नाही. मी चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आलो. ट्रॉली पट्ट्यावरून म्हशीसारखी सावकाश उतरली, टायर दबलेले. थांबवली. रिकाम्या गोण्यांखाली सहा-सात फुटांचे तुकडे, दोन्ही टोकांना बाइंडिंग तारेने बांधलेल्या मोळ्या. मग मागच्या दिवसांचं रेकॉर्डिंग काढलं. ट्रॉली दिसत होती, ड्रायव्हर दिसत नव्हता. माणसाचं डोकं पडद्यावर हरभऱ्याएवढं, नंबर प्लेट म्हणजे पांढरा ठिपका. चार कॅमेऱ्यांना सगळं दिसत होतं, ओळखू काहीच येत नव्हतं.

तेव्हापासून कुठल्याही साइटवर गेलो की गेटवर आधी तो उंचवटा करून घेतो आणि कॅमेऱ्याचं नंतर बोलतो. गाडी तिथे हळू होते, नंबर नीट उमटतो, आणि रिकामी गाडी रिकामी आहे का हे फाळकाच सांगतो.

तर तुमच्या तीन कोटेशनांबद्दल. दुकानदार मेगापिक्सेल सांगतो, तुम्ही त्याला मीटर विचारा. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १,९२० ठिपके असतात, चारच्यात २,५६०, आठच्यात ३,८४०. अनोळखी माणसाचा चेहरा पटवायचा तर दर मीटरला २५० ठिपके लागतात, ओळखीचा माणूस कळायला १२५ पुरतात. भागाकार करा. दोन मेगापिक्सेलमध्ये अनोळखी चेहरा साडेसात मीटर रुंदीपर्यंतच, चारमध्ये दहा, आठमध्ये पंधरा. २.८ची लेन्स दहा मीटर अंतरावरच पंचवीस मीटरचा पट्टा घेते. म्हणजे तुमच्या २० गुंठ्यांच्या, चौरस धरला तर ४५ मीटर लांबीच्या प्लॉटवर कोपऱ्यातला आठ मेगापिक्सेलचा डोमसुद्धा समोरच्या कोपऱ्यातल्या माणसाला ओळखणार नाही. शिवाय तेवढ्याच सेन्सरवर जास्त ठिपके कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो, आणि स्वस्तातला आठ मेगापिक्सेल रात्री खिचडी दाखवतो.

डोम तर बांधकामावर बाहेर लावूच नका. दिवसभर सिमेंटची धूळ काचेवर बसते, पहाटे दव पडतं, ऊन आलं की ती धूळ तिथेच पकडते. महिन्याभरात मोतीबिंदू झाल्यासारखं दिसायला लागतं. मग हेल्पर गमछाने खसाखसा पुसतो आणि काचेवर कायमचे ओरखडे. पुढे छज्जा असलेला बुलेट घ्या, आयपी ६६ किंवा ६७ लिहिलेला, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा, आणि आधी पाण्याने धुवा, पुसायचं ते नंतर.

पीटीझेडवाल्याला चहा पाजून पाठवून द्या. तो गेटकडे बघत असतो तेव्हा स्टील यार्डकडे त्याची पाठ असते, आणि ही गोष्ट फिटर लोकांना दोन दिवसांत कळते.

तुमच्या जागी मी पाच घेईन, सगळे चार मेगापिक्सेलचे बुलेट. गेटवर दोन. त्यातला एक दीड-दोन मीटर उंचीवर, उंचवट्यावर रोखलेला, फक्त नंबर प्लेट आणि ड्रायव्हरसाठी. याला २.८ ते १२ची व्हॅरिफोकल लेन्स हवी, म्हणजे जागेवर उभं राहून चौकट गेटएवढी आवळता येते. रात्री गाडीच्या दिव्यांनी आणि प्लेटच्या चमकीने नंबर पांढरा फटक होतो, म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या पुढे ठेवायला सांगा आणि तिथे वेगळा दिवा द्या. दुसरा गेटच्या कमानीवरून खाली हौद्यात बघणारा. क्रश सँडचा हायवा आला की चलनावर ब्रास किती आणि हौद्यात किती, हे त्यातच दिसतं. वाळू चोरून बाहेर जात नाही हो, ती मुळात कमीच येते. तिसरा स्टील यार्डवर, कटरच्या टेबलाकडे तोंड करून. चौथा सिमेंट स्टोअरच्या दारावर, आतून बाहेर बघणारा नाही, बाहेरून दाराकडे बघणारा, नाहीतर दुपारच्या उन्हात आत येणारा प्रत्येक माणूस काळी सावली दिसतो. पाचवा मागच्या पत्र्यांच्या बाजूला.

सहाव्याचे पैसे बाजूला ठेवा. प्लास्टर सुरू झालं की सळईला कुणी विचारत नाही, तेव्हा तांब्याच्या वायरीची बंडलं जातात आणि शेवटी नळ-शॉवर. ते खिशात मावतात. तेव्हा कॅमेरा वरच्या मजल्यावरच्या स्टोअरच्या तोंडाशी लागेल.

वायरिंगला कॅट-६ आणि पीओई स्विच घ्या, म्हणजे एकाच वायरीतून वीज आणि चित्र दोन्ही जातं. मात्र १०० मीटरच्या आत राहा. प्लॉट ४५ मीटरचा असला तरी वायर पत्र्याच्या कडेकडेने फिरते, वर चढते, खाली उतरते, आणि बघता बघता ११० मीटर होते. जमिनीतून नेऊ नका, जेसीबी तोडेल. तोडेल म्हणजे तोडेलच.

रेकॉर्डर कुठे ठेवायचा? मी तो ऑफिसात टेबलाखाली ठेवला होता. चोरांनी कॉम्प्युटर सोडला, पंखा सोडला आणि रेकॉर्डर नेला. आता मी लोखंडी पेटीत, कुलूप लावून, भलत्याच खोलीत ठेवतो, आणि ऑफिसात एक मोडका रेकॉर्डर दिवे लावून दिसेल असा ठेवतो.

डिस्क किती मोठी, हे तुमच्या बिलावर अवलंबून आहे. सेकंदाला पंधरा चित्रं आणि एच.२६५ (चित्रण दाबून लहान करायची पद्धत) ठेवलं तर असा कॅमेरा साधारण दोन एमबीपीएस (सेकंदाला दोन मेगाबिट) खातो, म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. पाच कॅमेऱ्यांचे १०८. स्टीलचा मेळ तुम्ही महिनाअखेरीस बिलाच्या वेळी घालणार, तूट कळणार पुढच्या आठवड्यात, आणि रेकॉर्डिंग पंधरा दिवसांचं असेल तर काय बघणार? ४५ दिवस धरा. ४,८६० जीबी झाले, सहा टीबीची डिस्क घ्या, कॅमेऱ्यांसाठीचीच, कॉम्प्युटरमधली काढून नको.

आणि एक. ९ एप्रिल २०२५पासून केंद्र सरकारने कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केली आहे. आधीचा पडून राहिलेला माल कुणी ‘होलसेल भावात’ देऊ करत असेल तर मॉडेलचं प्रमाणपत्र मागा. आणि बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. तो त्याने तुमच्यासारख्या पन्नास जणांना तोच दिलेला असतो.

प्रश्न : दादा, मी ठाण्यात राहते. मिस्टर मस्कतला आहेत. गुहागर तालुक्यात सासरच्या जागेत आमचं छोटं घर बांधायला घेतलंय. दीर लक्ष देतात, पण त्यांचीही कामं आहेत. जागेवर अजून मीटर नाही, शेजारच्यांकडून वायर घेतली आहे, ती दिवसा दोन-चार तास. सिमकार्डवाला सोलर कॅमेरा बरा का? तो सतत मोबाईलवर बघता येईल ना?
एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, सतत बघता येणार नाही, आणि बघायची गरजही नाही. एक एमबीपीएसने चित्र चोवीस तास पाठवलं तर दिवसाला १०.८ जीबी जातात. तुमचं दिवसाला दोन जीबीचं रिचार्ज पहाटे साडेचारच्या आत संपलेलं असेल. म्हणून रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवर होऊ द्या. १२८ जीबीच्या कार्डावर साधारण अकरा दिवस मावतात. मोबाईलवर फक्त तुम्ही उघडाल तेव्हाचं आणि माणूस दिसल्याची सूचना. ‘हालचाल’ नव्हे, ‘माणूस’ ओळखणारा घ्या. नाहीतर वारा सुटला की माडाच्या झावळ्या हलणार आणि रात्रीत दोनशे वेळा तुमचा फोन वाजणार.

कॅमेरा घेण्याआधी दिरांना एक काम सांगा. रात्री आठ वाजता जागेवर उभं राहून वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरून तुम्हाला व्हिडिओ कॉल करायचा. ज्याचा टिकेल ते सिम. दुपारी नको, दुपारी सगळीच चालतात.

सोलरचं गणित दुकानदार उन्हाळ्याचं सांगतो. कॅमेरा आणि त्यातलं सिम मिळून दहा वॅट धरले तर दिवसाला २४० वॉट-तास लागतात. चांगल्या उन्हात ८० वॅटचं पॅनेल पुरतं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जुलैत सूर्य दिसला तर नवल. तेव्हा १६० ते २०० वॅटचं पॅनेल आणि बारा व्होल्ट १०० एएचची बॅटरी घ्या. साधी शिशाची बॅटरी निम्मीच वापरायची असते, त्यामुळे ऊन नसेल तर ती अडीच दिवस तग धरेल. लिथियम फॉस्फेटची परवडली तर जवळपास दुप्पट. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, आणि उद्या वर चढणाऱ्या भिंतीची सावली त्यावर येणार नाही असं आत्ताच बघा. हे सगळे विसरतात. जोत्यापर्यंत छान चालतं, लिंटेल आलं की कॅमेरा दुपारी झोपतो. स्क्रू आणि क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचे, खाऱ्या हवेत दुसरं टिकत नाही. वांदरांसाठी मात्र माझ्याकडे उपाय नाही, पॅनेलवर बसून झोके घेताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे.

रात्री कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि बरोब्बर काचेसमोर जाळं विणतो. चित्रात ते दोरखंडासारखं दिसतं. दर रविवारी कुणीतरी काठीला फडकं बांधून काढायचं.

आता खरं सांगू का? लांब राहणाऱ्या घरमालकाचं चोरीने जेवढं जातं त्याहून जास्त पाणी न मारल्याने जातं. तुमचा कॅमेरा गेटकडे नको, स्लॅबकडे उंचावरून बघणारा हवा. स्लॅब टाकल्यावर त्यावर सिमेंट-वाळूचे वाफे करून पाणी साठवतात. आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान सात दिवस सांगतं, राख मिसळलेल्याला, म्हणजे हल्ली बहुतेक गोण्यांत असतं त्या पीपीसीला, किमान दहा. सकाळी अकराला फोन उघडायचा. वाफ्यांत आभाळ दिसलं, म्हणजे पाणी आहे. करडं, मळकं दिसलं, म्हणजे मिस्त्री विसरले. तेवढा एक फोन करायचा. दिवसाला अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

सळई बांधून झाल्यावर काँक्रीट ओतण्याआधी मात्र कॅमेऱ्यावर विसंबू नका. कॅमेऱ्याच्या खांबावरून सळ्या मोजता येत नाहीत. दिरांना टेप ठेवून फोटो काढायला सांगा.

आणि कॅमेरा लावणार हे दिरांना पहिल्यांदा तुमच्याकडून कळू द्या, गावातल्या माणसाकडून नको. त्यांच्या मोबाईलवरही तो चालू करून द्या. नाहीतर घर होईल आणि गणपतीला कुणी येणार नाही.

प्रश्न : चाकणला शेडचं काम घेतलं आहे. सेंट्रिंगच्या ४० प्लेटा आणि जॅक टेम्पोत भरून नेताना रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ दिसतंय. मी स्क्रीनचा मोबाईलवर व्हिडिओ काढून पोलीस स्टेशनला दिला. ते म्हणतात प्रमाणपत्र आणा. कसलं प्रमाणपत्र? गाडी दिसतेय, माणूस दिसतोय, अजून काय पाहिजे?
एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : पोलीस बरोबर सांगताहेत. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे डिस्कमधून काढलेली नक्कल पुरावा म्हणून द्यायची तर सोबत ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र लागतं. एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे तुम्ही किंवा तुमच्या सुपरवायझरने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलची हॅश किंमत त्यात लिहायची असते. ती म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा, एक चित्र इकडचं तिकडे झालं तरी बदलते. जुन्या कायद्यात हेच ६५-ब होतं, आणि ते सक्तीचं आहे यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली शिक्कामोर्तब केलं ते आपल्याच जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात. तिथेही प्रश्न कॅमेऱ्यातल्या चित्रणाचाच होता.

मोबाईलने काढलेला पडद्याचा व्हिडिओ म्हणजे नकलेची नक्कल. तो ग्रुपवर टाकायला ठीक. तुम्ही आज, हा अंक खाली ठेवून, रेकॉर्डरमधली डिस्क बंद करून काढा आणि दुसरी लावा. रेकॉर्डर जुनं पुसत पुढे जातो. तुमची ती रात्र कधी पुसली जाईल ते तो विचारून ठरवत नाही. काढलेली डिस्क पाकिटात घालून सही-तारीख करा आणि पंचनाम्यात द्या. पोलिसांनी मूळ डिस्कच जप्त केली तर उत्तम, तुमची कटकट कमी.

घड्याळही बघा. माझ्या एका साइटवर वीज गेल्यानंतर रेकॉर्डरने वेळ ग्रीनिचची धरली, साडेपाच तास मागे. पहाटे दोनची चोरी आदल्या रात्री साडेआठला दिसत होती आणि त्या वेळी साइटवर वीस माणसं जेवत होती! मी घाईने घड्याळ बरोबर केलं. चूक केली. समोरचा वकील विचारणारच की वेळ बदलली, मग आणखी काय काय बदललं? तुमच्याकडे फरक असेल तर हात लावू नका. मोबाईलवरची वेळ आणि रेकॉर्डरची वेळ शेजारी ठेवून पंचांसमोर लिहून घ्या.

प्लेटांवर तुमच्या नावाची अक्षरं वेल्डिंगने उठवली आहेत का? नसतील तर भंगाराच्या दुकानात त्या सापडल्या तरी तुमच्या कशावरून? चाळीस प्लेटा, एक वेल्डर, अर्धा दिवस. पुढच्या खेपेला हे आधी.

प्रश्न : भांडुपला आमच्या साइटवर महापालिकेच्या धुळीच्या नियमांसाठी कॅमेरे लावावे लागले. तेच चोरीसाठी चालतील का? की बाकीच्या बाजूंना नुसते खोटे कॅमेरे लावले तरी धाक बसेल?
एक वाचक, मुंबई

उत्तर : ऑक्टोबर २०२३च्या त्या नियमांना पाहिजे ते एवढंच, की गाडी चाकं धुऊन बाहेर पडते आणि वरपर्यंत भरलेली नसते हे दिसावं. चाकं धुण्याची जागा गेटवरच असते, त्यामुळे तिथला कॅमेरा दोन्ही कामं करेल. फक्त तो पाण्याच्या फवाऱ्यापासून चार-पाच मीटर पुढे घ्या, नाहीतर चिखलाचे शिंतोडे रोज.

खोट्या कॅमेऱ्याला वायर नाही हे साइटवरच्या पोरांना पहिल्या आठवड्यात कळतं. त्या पैशांत एलईडी फ्लड लावा.

प्रश्न : सर, मी पुण्यात साइट इंजिनिअर आहे, नोकरीला दीड वर्ष झालं. लेबर कॅम्पमधून गॅसच्या टाक्या आणि मोबाईल चोरीला जातात. आमच्या साहेबांनी कॅम्पच्या गल्लीत आणि न्हाणीघरांच्या बाहेर कॅमेरे लावायला सांगितलंय, आवाजासकट. मला ते बरं वाटत नाही, पण त्यांना काय सांगू?
एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्हाला बरं वाटत नाही ते योग्यच आहे. साहेबांना कायद्याच्या भाषेत सांगा, ती लवकर पोचते. बाई खासगीपणाची अपेक्षा धरते अशा जागी तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पत्र्याच्या न्हाणीघराला दार कुठे असतं? गोणपाट असतं. वारा आला की ते उडतं, आणि कॅमेरा वारा बघून मिटत नाही. ते रेकॉर्डिंग उद्या कुणाच्या मोबाईलवर सापडलं तर लावलेल्या माणसाचं नाव आधी विचारतील, आणि लावलेला माणूस तुम्ही असाल.

आवाज तर बंदच करा. नवरा-बायकोची भांडणं आणि मुकादमाला घातलेल्या शिव्या ऐकून टाकी सापडत नाही.

कॅम्पच्या तोंडाशी, जिथून आत-बाहेर जावंच लागतं, तिथे एक कॅमेरा लावा, तोंड रस्त्याकडे. खाली पाटी लावा, मराठीत आणि तिथले लोक वाचतात त्या भाषेतही. टाकी पायी जात नाही, ती सायकलवर किंवा डोक्यावर याच वाटेने जाते. पाटी लावण्याआधी संध्याकाळी कॅम्पमध्ये जाऊन मोबाईलवर ते चित्र बायकांना दाखवा, कुठपर्यंत दिसतं आणि कुठून दिसत नाही ते. माझ्या साइटवर एका बाईने चित्र बघून सांगितलं, ‘भाऊ, हे जरा डावीकडं घ्या, नळावर आम्ही डोकं धुतो.’ शिडी लावून पाच मिनिटांत फिरवलं. चार दिवसांनी टाकी उचलणारा पोरगाही तिनेच दाखवला, तो आमच्याकडे रोज पाणी भरायला येत होता.

साहेबांना खर्च विचारायचा असेल तर न्हाणीघरांना पत्र्याची दारं आणि कड्या किती रुपयांत बसतील तेही त्याच कागदावर लिहून द्या.